दवाखान्याला जाब विचारायचा कुणी?

दर महिन्याला आमच्या इमारतीखाली, पार्किंगमध्ये, गावची आरोग्य स्वयंसेविका, आशाताई, एक प्लास्टिकची खुर्ची मागून घेते आणि वही उघडते. पानावर पट्टीने मारलेल्या उभ्या रेघा: घर, गरोदर बाई, बाळाचं वय, शेवटची लस कधी, घरात कुणाला ताप. भाडेकरू बदलला की जुनं नाव खोडायचं आणि वरच्या मोकळ्या जागेत नवं बसवायचं. काही पानांवर खाडाखोडच जास्त आहे, कारण पनवेलच्या कडेच्या आमच्या विचुंब्यात माणसं सतत येतात-जातात. मी एकदा विचारलं, ही वही पुढे कुठे जाते? म्हणाली, “उपकेंद्रात. तिथून पीएचसीला, मग तालुक्याला, मग जिल्ह्याला, अलिबागला.” आणि तिकडून परत काय येतं? थोडा विचार करून म्हणाली, “नवी वही येते.”

तिच्या उत्तरात तक्रारीचा सूर नव्हता, पण प्रश्न तिथेच उभा राहिला. वर जाणारा कागद आपल्याकडे भरपूर आहे. त्या कागदाच्या आधारे गावाच्या वतीने कुणी वरच्याला जाब विचारतो का? दवाखान्यात औषध का नाही, डॉक्टरचं पद किती महिने रिकामं, रुग्णालयाची आग विझवण्याची यंत्रणा कुणी तपासली, हे विचारण्याची जागा स्थानिक लोकप्रतिनिधीची असते असं आपण नागरिकशास्त्रात शिकलो. ती जागा प्रत्यक्षात किती उरली आहे आणि विचुंब्यासारख्या हद्दीवरच्या गावात ती नेमकी कुठे सापडते, त्याचा हा आढावा.

आधी विचुंबे समजून घ्यावं लागेल. नवीन पनवेलची वस्ती संपते आणि विचुंबे सुरू होतं, पण डोळ्यांना तो सांधा दिसत नाही. तशाच इमारती, तशाच गाळ्यांच्या ओळी, तशीच रिक्षांची रांग. कागदावर मात्र दोन वेगळे मुलूख आहेत. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महापालिका झाली. १८५२ सालची जुनी नगरपालिका, सिडको महामंडळाच्या वसाहती आणि २९ महसुली गावं तिच्यात गेली. विचुंबे बाहेर राहिलं. इथला कारभार ग्रामपंचायतीचा आणि आरोग्य जिल्हा परिषदेचं. जमिनीचं नियोजन मात्र सिडकोचं, कारण जानेवारी २०१३ मध्ये नवी मुंबई विमानतळाभोवतीचा ‘नैना’ हा प्रभावक्षेत्राचा पट्टा अधिसूचित झाला आणि विचुंबे त्यात आलं. अंगाने शहर आणि कारभाराने खेडं अशी ही गावं महाराष्ट्रातल्या प्रत्येक मोठ्या शहराच्या कडेला सापडतात.

अशा गावातल्या माणसाचं आजारपण कसं विभागलं जातं बघा. लसीकरण आणि गरोदरपणाची नोंद उपकेंद्रात. या पट्ट्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र नेऱ्याला, म्हणजे शांतिवनाच्या वाटेवर. ते जिल्हा परिषदेचं. अपघात, सर्पदंश, अवघड बाळंतपण असलं तर पनवेलचं नानासाहेब धर्माधिकारी उपजिल्हा रुग्णालय. ते १२० खाटांचं, महापालिकेच्या हद्दीत उभं, पण ना महापालिकेचं ना जिल्हा परिषदेचं. ते राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं, आणि त्याची सूत्रं अलिबागच्या जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. डास आणि कचरा ग्रामपंचायतीचा विषय. गटारं जिथे रस्त्याखालून पुढे जातात तिथे विषय बदलतो. खासगी रुग्णालय नवीन पनवेलमध्ये असलं तर त्याची नोंदणी महापालिकेकडे, दोन रस्ते ओलांडून विचुंब्यात असलं तर जिल्ह्याच्या यंत्रणेकडे. कोविडच्या काळात रोजच्या आकडेवारीत ‘पनवेल महापालिका’ आणि ‘पनवेल ग्रामीण’ असे दोन वेगळे रकाने असत. विषाणू काही रकाना बघून फिरत नव्हता. एकाच लोकलने जाणारे, एकाच बाजारात भाजी घेणारे शेजारी दोन वेगळ्या यंत्रणांच्या यादीत मोजले गेले.

म्हणजे आजारी माणूस एक आणि त्याच्यासाठी उत्तरदायी कार्यालयं किमान चार. माझ्या मते आपल्याकडच्या देखरेखीचा खरा दोष इथे आहे. कायदे कमी नाहीत, समित्याही कमी नाहीत. पण प्रत्येक समितीची नजर स्वतःच्या हद्दीपर्यंत आणि रुग्ण मात्र रोज हद्द ओलांडतो.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. १९९३ मध्ये ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती अमलात आली. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत आरोग्य आणि स्वच्छता हा विषय रुग्णालयं, प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि दवाखान्यांसह स्पष्ट लिहिलेला आहे. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि घनकचरा आहे, रुग्णालय हा शब्द नाही. तरीही प्रत्यक्षात मोठी रुग्णालयं चालवतात त्या महापालिका, आणि पंचायतीच्या हाती उपकेंद्राच्या रंगरंगोटीपलीकडे फारसं काही येत नाही. महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आरोग्य समिती हा त्यांच्या विषय समित्यांचा भाग होता आणि आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात जिल्हा परिषदेच्या सभापतीची जीप आरोग्य केंद्राच्या आवारात वळली की कंपाउंडर हजेरीपट शोधू लागे, असं जुनी माणसं सांगतात. त्या भीतीत सगळं चांगलंच होतं असं नाही. बदल्यांसाठी दबाव आणि मर्जीतल्यांना नेमणुका हेही त्याच खुर्चीतून व्हायचं. पण निदान गाडी वळायची.

आता थोडं मागे जातो, कारण स्थानिक प्रतिनिधीने आरोग्याचा प्रश्न धसास लावण्याचं सर्वांत लखलखीत उदाहरण आपल्याच शेजारच्या शहरातलं आहे. सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात एका विचित्र तापाने माणसं दगावू लागली. जांघेत गाठ, प्रचंड ताप, दोन-चार दिवसांत मृत्यू. तिथे दवाखाना चालवणारे डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी हा ब्युबॉनिक प्लेग आहे असं निदान केलं. बंदराच्या शहरात ‘प्लेग’ हा शब्द उच्चारणं म्हणजे व्यापारावर घाव. म्हणून शब्द टाळण्याकडे वरच्यांचा कल होता. व्हिएगस नुसते डॉक्टर नव्हते, ते मुंबई महापालिकेचे सदस्यही होते. रुग्णाच्या उशाशी जे पाहिलं ते त्यांनी सभागृहात मांडलं. पुढे १९०६ मध्ये ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबी तलावाजवळ, मेट्रो सिनेमाच्या समोर, त्यांचा पुतळा आजही उभा आहे. त्या चौकातून जाणाऱ्या किती जणांना तो कुणाचा हे ठाऊक असेल!

त्याच साथीत पुण्यात उलटं घडलं. फेब्रुवारी १८९७ मध्ये वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाती विशेष प्लेग समिती दिली गेली. गोरे सोजीर घरोघर शिरून झडती घेऊ लागले. लोकांनी निवडलेल्या नगरपालिकेचा त्यावर अंकुश नव्हता. २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली ते सगळ्यांना माहीत आहे. साथ आटोक्यात आणायची तर लोकांचा विश्वास लागतो आणि तो विश्वास त्यांच्या प्रतिनिधीला डावलून मिळत नाही, एवढं या दोन शहरांच्या त्या एका वर्षावरून दिसतं.

मुंबई महापालिकेने पुढे केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेलं सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं, १९२६ मध्ये. देणगीदारांची अट होती की तिथे नेमणुका भारतीयांच्याच व्हाव्यात. एका महापालिकेने चालवलेलं रुग्णालय देशभरातल्या डॉक्टरांची शाळा ठरलं. नायर, सायन, कूपर ही रुग्णालयं नंतर महापालिकेकडे आली. या परंपरेमुळे मुंबईच्या नगरसेवकाला रुग्णालयाबद्दल प्रश्न विचारायची सवय लागली: लिफ्ट का बंद, एमआरआयची तारीख सहा महिन्यांनी का, औषधाची चिठ्ठी बाहेरच्या दुकानावर का. पनवेलसारख्या नव्या महापालिकेला ही सवय अजून लागायची आहे. तिच्याकडे नागरी आरोग्य केंद्रं आहेत, पण शहरातलं सर्वांत मोठं सरकारी रुग्णालय तिचं नाही. नगरसेवकाने सभागृहात त्याबद्दल विचारलं तर “हा विषय आपल्या अखत्यारीत नाही” हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या खरं असतं.

आणि मग ती वर्षं आली जेव्हा विचारायला सभागृहच नव्हतं.

इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात अडकला आणि २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक स्थानिक संस्थांची मुदत संपत गेली तशी निवडणूक न होता प्रशासक बसले. ७८ सदस्यांची पनवेल महापालिका मे २०१७ मध्ये पहिल्यांदा निवडली गेली होती, तिची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली. रायगड जिल्हा परिषदेवर त्याआधीच प्रशासक आला होता. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका जाहीर करायला चार आठवड्यांची मुदत दिली. राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ रोजी. म्हणजे पनवेलच्या माणसाने साडेतीन वर्षं महासभा, स्थायी समिती, विषय समिती यांपैकी काहीही पाहिलं नाही. आयुक्तच प्रस्ताव ठेवणार, आयुक्तच मंजूर करणार. जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचं तसंच. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत स्थानिक जिल्हा परिषद सदस्याने बसायचं असतं. सदस्यच नाही म्हटल्यावर देखरेख ज्याच्यावर ठेवायची त्याच्याच हाती देखरेखीची किल्ली.

या रिकामपणाचा अर्थ ठाण्यात कळला. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. रुग्णालय ठाणे महापालिकेचं. त्या वेळी ठाण्यातही मार्च २०२२ पासून प्रशासक होता. चौकशीची घोषणा राज्याने केली, राज्याच्या आरोग्य सेवा आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पण त्या रुग्णालयात खाटा किती आणि रुग्ण किती, रात्रपाळीला वरिष्ठ डॉक्टर किती, हे दर महिन्याला विचारणारं सभागृह तिथे दीड वर्षं नव्हतं. सभागृह असतं तर ते मृत्यू टळलेच असते असं मी म्हणणार नाही. निवडलेलं सभागृह असूनही घात झाल्याचं उदाहरण समोर आहे: २१ एप्रिल २०२१, नाशिक महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय, प्राणवायूच्या टाकीला गळती आणि २२ रुग्णांचा मृत्यू. टाकी कंत्राटदाराची, रुग्णालय महापालिकेचं. कंत्राटाच्या प्रस्तावाला हात वर करून मंजुरी देणं आणि त्या कंत्राटातली देखभालीची अट वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या सभागृहांना पहिलीची सवय आहे, दुसरीची नाही. त्याआधी तीनच महिने, ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली होती. आग प्रतिबंधाचा राज्याचा कायदा २००६ चा आहे. तो राबवायचा कुणी याचं शहरात निदान एक उत्तर आहे: महापालिकेचं अग्निशमन दल. ग्रामपंचायत हद्दीतल्या पाच-सहा मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर चालणाऱ्या वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये धूर भरला तर बंब कुठून यायचा, हे विचुंब्यासारख्या गावाने आजच विचारून ठेवायला हवं.

खासगी रुग्णालयांचं बोलायलाच हवं, कारण आपल्यापैकी बहुतेक जण रात्री दोन वाजता तिकडेच धावतो.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या काकांना छातीत दुखू लागलं म्हणून आम्ही त्यांना पनवेल परिसरातल्या एका खासगी रुग्णालयात नेलं. रिसेप्शनवरच्या मुलीने आधी डिपॉझिटचा आकडा सांगितला. मी तिला दरफलक कुठे आहे विचारलं. तिला शब्दच नवा होता. शेवटी फलक सापडला: लिफ्टच्या बाजूच्या भिंतीवर, एका उंच कुंडीमागे, चौकटीत बसवलेला. खोली, अतिदक्षता, डॉक्टरांची भेट असे रकाने होते. आकड्यांच्या जागी बहुतेक ठिकाणी ‘आजारानुसार’ एवढंच लिहिलेलं. काकांचा मुलगा तोवर कार्ड मशीनमध्ये पिन टाकत होता. त्याला त्या क्षणी दरफलकाची गरज नव्हती, वडिलांची होती. म्हणूनच तपासणी रुग्णाने नव्हे, दुसऱ्या कुणी आणि आधीच करायची असते.

ती कुणी करायची हेही लिहिलेलं आहे. महाराष्ट्राने केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. जानेवारी २०२१ मध्ये त्याच्या नियमांत मोठा बदल झाला. रुग्ण हक्कांची सनद दिसेल अशी लावायची. १५ प्रकारच्या सेवांचे दर दर्शनी भागात लावायचे. बिल थकलं म्हणून पार्थिव अडवायचं नाही. आणि आमच्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक स्थानिक पर्यवेक्षण प्राधिकरणाने तक्रार निवारण कक्ष उघडायचा, टोल फ्री क्रमांकासह. हे प्राधिकरण म्हणजे महापालिका हद्दीत महापालिकेचं आरोग्य खातं. हद्दीबाहेर जिल्ह्याची यंत्रणा, जी अलिबागला बसते, इथून ७०-८० किलोमीटरवर. जन आरोग्य अभियानासारख्या चळवळींनी वर्षानुवर्षं पाठपुरावा करून हे नियम मिळवले. पण नियम छापून येणं आणि भिंतीवरची कुंडी हलणं यांत अंतर आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूने राज्य हादरलं, अनामत रकमेच्या मागणीवरून गदारोळ झाला, तेव्हा पुणे महापालिकेने शहरातल्या रुग्णालयांना याच नियमांची आठवण करून दिली. तातडीच्या रुग्णाकडून आधी पैसे मागायचे नाहीत. चार वर्षं जुना नियम होता तो. जीव गेल्यावर नोटीस निघते. जीव जाण्याआधी ती निघावी यासाठीच निवडून आलेला माणूस लागतो. रुग्णालयांची यादी काय, तपासणी कधी झाली, टोल फ्री क्रमांकावर किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, हे चार प्रश्न महासभेत किंवा जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीत दर तिमाहीला विचारले गेले तरी चित्र बदलेल, असं मला मनापासून वाटतं.

सरकारी बाजूला एक बदल असा झाला ज्याकडे फार कमी जणांचं लक्ष गेलं. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत सेवा मोफत झाली. स्वागत करावं असा निर्णय. पण पूर्वी त्या शुल्कातून जमणारे पैसे रुग्ण कल्याण समितीच्या हाती असत आणि त्यातून बंद पडलेला इन्व्हर्टर किंवा नळ लगेच दुरुस्त व्हायचा. आता तेवढ्यासाठी वरून निधी यायची वाट. औषधखरेदीचंही तेच: आधी हाफकिन महामंडळाकडे गेली, तिथे रखडली, मग २०२३ च्या कायद्याने वेगळं खरेदी प्राधिकरण झालं. मधल्या काळात जिल्हा नियोजन समितीच्या पैशातून स्थानिक खरेदी करून दिवस काढावे लागले. जिल्हा नियोजन समितीत स्थानिक संस्थांचे निवडलेले सदस्य असणं घटनेला अपेक्षित आहे. त्यांनी तिथे रस्त्यांच्या यादीसोबत औषधांची यादीही उघडावी. १५व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी देशातल्या स्थानिक संस्थांना खास आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी रुपये सुचवले होते. त्यातला आपल्या तालुक्याचा वाटा कुठे गेला, कोणत्या उपकेंद्राची इमारत झाली, हा प्रश्न कुणीही सदस्य विचारू शकतो.

बाहेर काय चालतं ते बघितलं की आपली उणीव नेमकी दिसते. केरळने १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेत प्राथमिक आरोग्य केंद्रं थेट ग्रामपंचायतींकडे दिली, जिल्हा रुग्णालयं जिल्हा पंचायतींकडे. तिथल्या पंचायत सदस्याला दवाखान्यात शिरताना ‘हा माझा विषय आहे का’ असा प्रश्न पडत नाही. इंग्लंडने २००१ च्या कायद्याने नगरपरिषदांना राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या अधिकाऱ्यांना बोलावून प्रश्न विचारायचा अधिकार दिला. रुग्णालयं त्या परिषदांची नव्हती, तरीही. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो: मालकी नसली तरी जाब विचारता येतो. अर्थात अधिकार कागदावर असून भागत नाही हेही तिथेच दिसलं. स्टॅफर्डच्या रुग्णालयात कित्येक वर्षं रुग्णांची भयंकर आबाळ झाली, आणि रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या २०१३ च्या चौकशी अहवालाने तिथल्या नगरपरिषदांच्या आरोग्य समित्यांवरही ठपका ठेवला. व्यवस्थापन सांगेल ते ऐकून घेतलं गेलं, खोलात जाऊन विचारलं गेलं नाही. आरडाओरडा केला तो रुग्णांच्या नातेवाइकांनी.

आपल्याकडेही नातेवाइकांना, गावकऱ्यांना आवाज देणारा एक प्रयोग झाला आहे आणि त्याचा अभिमान वाटावा असा तो होता. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून महाराष्ट्रात ‘लोकाधारित देखरेख व नियोजन’ सुरू झालं. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने राज्यभरची जुळवाजुळव केली. सुरुवात पुणे, नंदुरबार, उस्मानाबाद, ठाणे, अमरावती या पाच जिल्ह्यांत, पुढे विस्तार तेरा जिल्ह्यांपर्यंत, त्यात रायगडही आला. पद्धत साधी होती. गावातली समिती दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरायची: चांगलं असेल तिथे हिरवा रंग, मध्यम तिथे पिवळा, वाईट तिथे लाल. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही भिंतीवर कळायचं. मग जनसुनवाई. मांडवाखाली एका बाजूला वैद्यकीय अधिकारी आणि समोर बाया. कुणी सांगायची की सिस्टरने पैसे मागितले, कुणी सांगायची की गाडी आलीच नाही. उत्तर तिथेच, सगळ्यांसमोर. या सुनावण्यांतून बाहेरच्या औषधांच्या चिठ्ठ्या कमी झाल्याचे, बंद पडलेली उपकेंद्रं उघडल्याचे अनुभव कार्यकर्त्यांनी नोंदवून ठेवले आहेत. जिल्हा परिषद सदस्य अशा सुनावणीला येऊन बसले की फरक आणखी पडायचा, कारण त्यांच्याकडे पाठपुराव्याची खुर्ची होती. पण ही पद्धत प्रामुख्याने ग्रामीण आणि आदिवासी भागासाठी बेतलेली. विचुंब्यासारखं बदलतं गाव तिच्या डोळ्यांसमोर नव्हतं.

आमच्या तालुक्यातही एका लोकप्रतिनिधीने वेगळ्या वाटेने आरोग्याचा प्रश्न लढवला. तळोजा औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी कासाडी नदीत जात होतं, मच्छीमारांचं पोट त्यावर. पनवेलच्याच एका नगरसेवकाने ते प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे नेलं. औद्योगिक वसाहतीचं नियोजन महापालिकेच्या हाती नाही, प्रदूषण मंडळही नाही. तो सभागृहात थांबला असता तर “आपला विषय नाही” ऐकून घरी गेला असता.

मग विचुंब्यापुरतं करायचं काय? महापालिकेत समावेश झाला की सगळं सुटेल असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते अर्धंच पटतं. हद्द पुढे सरकेल, तिच्या पलीकडचं नवं विचुंबे तयार होईल. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि त्या डिसेंबरपासून विमानं उडू लागली. नैनाच्या गावांत आता वस्ती वाढण्याचा वेग पंचायतीच्या, आशाताईच्या, उपकेंद्राच्या हिशेबाबाहेरचा असणार. उपकेंद्राचा निकष ५,००० लोकसंख्येला एक, प्राथमिक केंद्राचा ३०,००० ला एक. शहरात नागरी आरोग्य केंद्राचा निकष ५०,००० ला एक. आम्ही कोणत्या निकषात मोजले जातो हे ठरायच्या आत चार नवे टॉवर उभे राहतात. त्यामुळे हद्द बदलण्याची वाट बघण्यापेक्षा हद्दीवर बसणारी समिती हवी: पनवेल महापालिका, जिल्हा परिषदेचे या भागातले सदस्य, नैना पट्ट्यातले सरपंच, सिडको आणि उपजिल्हा रुग्णालयाचे अधीक्षक, सगळे एका टेबलाशी, दर तीन महिन्यांनी, इतिवृत्त लोकांना वाचता येईल असं. याला नवा कायदा लागत नाही. आमदार, पालकमंत्री किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी मनावर घेतलं तर एका पत्रावर होईल.

तोवर जे हातात आहे ते वापरूया. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती असायची असते आणि तिला वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी असतो. रक्कम लहान आहे. पण त्या दहा हजारांचा हिशेब मागणारा माणूस उद्या मोठ्या रकमेचाही मागेल. आपल्या गावच्या समितीत कोण आहेत, तिची शेवटची बैठक कधी झाली, पैसे कशावर खर्च झाले, हे विचारायला परवानगी लागत नाही. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि विचुंब्यात फ्लॅट घेऊन मतदारयादीत नाव घातलेला प्रत्येक जण तिचा सदस्य आहे. आम्ही इमारतीतले बहुतेक जण सोसायटीच्या सभेला जातो, ग्रामसभेला जात नाही. मीही पहिली काही वर्षं गेलो नाही.

पुढच्या ग्रामसभेला या. येताना आपल्या मजल्यावर या पावसाळ्यात किती जणांना डेंग्यू झाला, कोणत्या रुग्णालयाने किती डिपॉझिट मागितलं, तिथे दरफलक दिसला की नाही, एवढं कागदावर लिहून आणा. आशाताईलाही तिच्या वहीसकट बोलावू, आणि त्या वहीत काय आहे ते या वेळी अलिबागच्या आधी गावाला वाचून दाखवायला सांगू.